तरफदारांची साखरचौथ

रूपेशने घातलेली अट इतकी साधी होती की जागृतीला आधी हसूच आलं. बाबांनी त्याला एक फोन करायचा. 'ये' म्हणायचं. बस्स.

"राज्य नाय मागत मी, ताई," कामोठ्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायकोबरोबर, अस्मिताबरोबर, खोकी भरता भरता तो म्हणाला होता. "पण कोणाच्या थ्रू नको. तू समजावून नको, आईने रडून नको. बाबाने स्वतः लावायचा. नायतर उद्या सकाळी मी आणि अस्मिता मुंद्र्याला निघालो. तिकडच्या पोर्टात जॉइनिंग आलंय. एकदा गुजरातला गेलो की पावण्याला परत कशाला येतोय मी?"

"आणि केला त्याने फोन तर?"

"तर आरतीला तुझ्या बाजूला उभा असेन."

जागृती स्कूटर काढून निघाली ती जवळजवळ गाणं गुणगुणतच. कारण बाबा फोन करणार होते. दोन दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, "साखरचौथीला करीन. गनपतीम्होरं करीन." नामदेव केणी एकदा बोलले की बोलले, अशी त्यांची उभ्या पावणे गावात ख्याती. त्या ख्यातीनेच महिन्याभरापूर्वी घर फोडलं होतं, आणि आता तीच ते सांधणार होती. निदान हायवेवरून येताना तरी तिला तसं वाटत होतं.

मोठ्या गणपतीचं विसर्जन होऊन मांडव उतरले, की त्यानंतरच्या संकष्टीला केण्यांचा साखरचौथीचा गणपती बसायचा. आगरी गावांत असे गणपती पुष्कळ घरी बसतात, पण केण्यांची रीत जरा वेगळी. आरतीच्या आधी घरातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाने आपल्याकडे सोपवलेलं काम गणपतीसमोरच्या पाटावर बापाला परत करायचं, आणि बापाने ते पुन्हा उचलून त्याच्या हातात द्यायचं. आजोबांच्या काळी पाटावर विळे आणि मिठागरावरची फावडी यायची. शेतं एमआयडीसीत गेली, मिठागरं बुजली, आणि पाटावर किल्ल्या येऊ लागल्या. जासईच्या कंटेनर यार्डच्या किल्ल्या थोरला बंडू आणायचा. नावड्याच्या गोडाउनांच्या, मोठ्या जावयाच्या, म्हणजे हौसेरावांच्या हातात असायच्या. पावण्यातल्या गाळ्यांच्या रूपेशकडे. सगळं नामदेवांच्या नावावर, आणि नामदेवांच्या सहीवाचून कुठलं पानही हलायचं नाही, असं निदान नामदेवांना वाटायचं.

खरी परिस्थिती काय ती जागृतीला कधीच कळली होती, कारण तिने तीच गोष्ट अभ्यासण्यात आयुष्याची नऊ-दहा वर्षं घालवली होती. ती वाशीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि तिची पीएचडी बहामनी राज्याच्या तरफदारांवर होती. राज्याच्या चार तरफा, म्हणजे चार मोठे प्रांत. प्रत्येकावर एक सरदार. तिथली वसुली त्याची, फौज त्याची, किल्ले त्याचे. बिदरच्या तख्तावर बसलेल्या सुलतानाचं काय, तर नाव. घरात ह्या पीएचडीची टिंगल व्हायची. पनवेलकडच्या, हौसेरावांच्या नावड्याच्या आसपासच्या काही गावांच्या नावापुढे अजून 'तर्फे तळोजे' असं लिहितात, हे तिने एकदा कौतुकाने सांगितलं तेव्हा बंडू म्हणाला होता, "म्हणजे भावोजी आपले तळोजाचे तरफदार! भावोजी, टोपी शिवून घ्या." सगळे पोट धरून हसले. हौसेराव सगळ्यात जास्त हसले.

फक्त रूपेश हसला नव्हता. त्याने विचारलं होतं, "मग त्या बादशाने केलं काय, ताई?"

तिने सांगितलं. बादशाने नाही, त्याच्या वजिराने केलं. महमूद गवानाने चार तरफांच्या आठ केल्या, आणि एका तरफदाराच्या ताब्यात किल्ला ठेवला तो एकच. बाकीचे किल्ले सुलतानाच्या माणसांकडे. रूपेशचे डोळे चमकले. हे आपल्याकडे होईल, म्हणाला. ती घाबरली. अरे, त्या गवानाला पुढे खोटं कुभांड रचून मारला, चौदाशे एक्क्याऐंशी साली, सुलतानाच्या हुकमाने, सुलतानासमोर. तर हा हसून म्हणतो, "ताई, आता कोण कोणाला मारतंय?"

पीएचडीचा प्रबंध वाचून धंद्याची व्यवस्था लावायला निघालेला पावण्यातला तो पहिलाच माणूस असावा. गेल्या साखरचौथीला बाबांनी त्याचं ऐकून पाटावरच्या जुडग्यांतून प्रत्येकाला एकेकच किल्ली परत दिली. बंडूला यार्डच्या एका भागाची, हौसेरावांना एका गोडाउनची, रूपेशला स्वतःलाही एकाच गाळ्याची. बाकीच्या घरात, आईच्या कपाटात. बंडूने ती एक किल्ली कपाळाला लावली आणि गोड हसून खिशात टाकली. त्या हसण्याचा अर्थ कळायला पुढचं जवळजवळ अख्खं वर्ष गेलं.

मग गेल्या महिन्यात बंडू आणि हौसेराव बाबांना गाडीत घालून वाशीला घेऊन गेले आणि एका बिल्डरच्या ऑफिसच्या काचेतून आत बसलेला रूपेश दाखवला. चहा पीत होता. एवढंच. पण घराखालची जमीन आणि मागचे गाळे एवढंच बापजाद्यांचं उरलेलं, आणि त्यावर बिल्डरचं नाव काढलं तरी नामदेवांचं डोकं फिरायचं. त्यांनी रूपेशला घराच्या दारातही येऊ दिलं नाही. भर रस्त्यात उभं करून म्हणाले, "आजपासून तू माजा कोन नाय." एक शब्द विचारला नाही. रूपेशनेही एक शब्द सांगितला नाही. तोही नामदेवांचाच मुलगा.

आणि परवा तोच बिल्डर पेढे घेऊन घरी आला. "बंडूशेठ म्हणाले आता धाकट्या भावाची अडचण राहिली नाही," असं हसत हसत म्हणाला. रूपेश भाऊ फारच आडमुठे, तोंडावर नाही म्हणून गेले, वर चहाही अर्धाच प्यायले. नामदेव ऐकत होते. पेढ्याचा पुडा त्यांच्या मांडीवर तसाच राहिला.

*

जागृतीने स्कूटर अंगणात लावली तेव्हा अंगण रिकामं होतं. साखरचौथीला, दिवेलागणीला तासभर उरलेला असताना, केण्यांच्या अंगणात चप्पल ठेवायला जागा नसायची. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला तांदळाच्या पिठीची उकड तशीच.

"पोरा आली," सखूबाई म्हणाली. "पन घरान नाय आली. कवाची भाईर बसलीत. मी बोलवाला गेलू तर बंडू बोलतो, येतो येतो. जागू, काय झालाय गो त्यांना?"

जागृतीने रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या कंपनीच्या गेटपाशी बंडूच्या चार गाड्या ओळीने उभ्या होत्या. भाड्याच्या खुर्च्या टाकून त्याची यार्डातली माणसं बसली होती आणि मधोमध बंडू, पांढरा झब्बा घालून. दुसऱ्या अंगाला, नाल्याच्या पुलापाशी, हौसेरावांची गाडी आणि मागे त्यांचे दोन टेम्पो. एका घरची माणसं, एकाच गणपतीला आलेली, आणि रस्त्याच्या दोन टोकांना उतरलेली.

तेवढ्यात नामदेव काठी टेकत ओट्यावर आले. बंडूने ते बघितलं. उठून उभा राहिला, दोन्ही हात जोडून लांबूनच वाकला, आणि परत बसला. त्याची माणसंही त्याच्यासोबत उठली आणि त्याच्यासोबत बसली.

जागृतीला हे ओळखीचं होतं. गवानाला मारल्यावर बहामनी छावणीत अगदी हेच झालं होतं. मोठमोठ्या सरदारांनी आपले तंबू उचलले आणि सुलतानापासून लांब जाऊन उतरले. रोजचा मुजरा चुकवला नाही कुणी. पण करायचे तो लांबून, आपापली फौज पाठीशी घेऊन. ही ओळ तिने वर्गात कितीदा शिकवली होती, आणि मुलं ती परीक्षेत लिहून मार्कही मिळवायची.

ती तरातरा रस्ता ओलांडून गेली.

"दादा, आत का येत नाहीस?"

"येतो ना. टेन्शन काय घेतेस? आरतीला येतो." बंडूने एका माणसाला उठवून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "भाईर हवा मस्त हाय."

पावण्याच्या हवेबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. मागच्या कंपनीतून नेहमीचा आंबट वास येत होता.

"आई सकाळपासून वाट बघतेय. तुला बाबाची भीती वाटते का?"

बंडूने हात हलवला, तशी माणसं उठून गाड्यांकडे गेली. मग तो खालच्या आवाजात बोलायला लागला, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच काही खरं होतं.

"वाटते. का नाय वाटनार? रूप्या त्याचा लाडका. लाडक्याला त्याने रस्त्यात उभा करून हाकलला. काय रे, कशाला गेलतास, एवढं पन विचारलं नाय. मी तर लाडका पन नाय."

"पण ते तूच घडवलंस, दादा! तूच बाबाला वाशीला घेऊन गेलास!"

"तेच तर बोलतोय मी. मी घडवलं, म्हनून मला म्हाईत हाय किती इझी हाय ते. बाबाला गाडीत बसवायचा, काचेतून काय तरी दाखवायचा, खल्लास. उद्या हौसेराव माझं दाखवतील. मग?"

चोराने घराला कुलूप नाही म्हणून तक्रार करावी तसं ते होतं, आणि तरी त्यात चूक काढता येत नव्हती.

"बाबा आज रूपेशला फोन करणार आहे," ती म्हणाली.

"म्हाईत हाय. आईने सांगितलं. खूश होऊन सांगितलं बिचारीने." त्याने झब्ब्याची बाही नीट केली. "करू दे फोन. पन रूप्या ह्या घरान आला तर मी येनार नाय. आनि उद्यापासून जासईचं यार्ड माझं. बोर्डावर बाबाचं नाव ठेवीन. नावाला माझा काय प्रॉब्लेम नाय."

*

नाल्याच्या पुलापाशी तिची थोरली बहीण जयमालाताई गाडीत बसून रडत होती आणि हौसेराव बाहेर उभे राहून नारळपाणी पीत होते. गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे गृहस्थ. जागृतीला ते नेहमी 'मॅडम' म्हणायचे, त्यात थट्टा किती आणि मान किती ते तिला कधी समजलं नाही.

"ताई, तू तरी आत चल," जागृती म्हणाली.

"ह्यांना विचार," जयमाला म्हणाली. "मना रूपेश पायजे. मी त्याला कडेवर खेळवलाय. पन ह्यांना विचार."

"मॅडम, मी कुठे नको बोलतोय?" हौसेरावांनी नारळ खाली ठेवला. "रूपेश चांगला पोरगा. पन त्याने गेल्या साली आमच्या किल्ल्या काढल्या की नाय? जावई असून मी स्वतःचं गोडाउन उघडायला पावण्याला येतो, चावी मागायला. नावड्यात लोक हसतात. बंडूशेठची गोष्ट वेगळी, तो पोरगा हाय. मी परक्या घरचा मानूस. मला इज्जतच तेवढी."

"किल्ल्या परत मिळाल्या तर?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मामा देतील?"

जागृतीने एक क्षण डोळे मिटले. नावडं एकदा सगळंच्या सगळं हौसेरावांना दिलं की रूपेशने वर्षभर खपून जे उभं केलं होतं ते गेलं. तो परत येईल तो रिकाम्या घरात. पण येईल तरी.

"मी देववते," ती म्हणाली.

हौसेरावांचा चेहरा फुलला. "मग काय मॅडम! बंडूला मी समजावतो. रूपेश आला की पहिली मिठी माझी. शब्द दिला."

जयमालाने गाडीच्या खिडकीतून हात काढून बहिणीचा हात घट्ट दाबला. परत येताना जागृतीने वळून पाहिलं तर हौसेराव खरंच रस्ता ओलांडून बंडूच्या खुर्च्यांकडे निघाले होते. बंडूने उठून त्यांना जागा दिली. तिला बरं वाटलं. आयुष्यभर कारस्थानांचा इतिहास शिकवलेल्या बाईने असं बरं वाटून घ्यावं, ह्याला काय म्हणायचं ते म्हणा. भावाच्या मायेपुढे शिक्षण बाजूला पडलं.

*

मधल्या खोलीत गणपती बसला होता. समोर रिकामा पाट. नामदेव शेजारी खुर्चीत बसले होते, नवं धोतर, नवा सदरा, आणि गेल्या महिन्याभरात एकदम म्हातारी झालेली मान. हातात त्यांचा मोठ्या आकड्यांचा फोन.

"जागू, बस गो हितं." त्यांनी बाजूचा स्टूल दाखवला. "तुज्या त्या बादशानी वजिराला मारला, तू बोललेलीस. मंग पुढं काय झाला?"

तिला वाटलं, आज सणाच्या दिवशी काहीतरी गोड सांगून टाकावं. पण नामदेव केण्यांना खोटं सांगून घराचं काय झालं होतं ते समोरच होतं.

"मग त्याला कळलं की सगळं खोटं होतं."

"आनि?"

"खचला तो, बाबा. दारूत बुडाला. वर्षभरात गेला. मरताना म्हणे ओरडत होता, गवान माझं काळीज फाडतोय म्हणून."

नामदेवांनी मान हलवली. जणू ते त्या माणसाला ओळखत होते. "आनि राज?"

"तरफदारांनी वाटून घेतलं. त्याच्या पोराला बिदरच्या किल्ल्यात नुसतं बसवून ठेवलं. नाव त्याचं, हुकूम दुसऱ्याचा."

स्वयंपाकघरातून वाफेचा वास येत होता आणि भटजी ओट्यावर कुणाशी तरी फोनवर पुढच्या घरची वेळ ठरवत होते. मग नामदेव सावकाश म्हणाले, "त्याचा वजीर तर मेला व्हता. माजा जिता हाय ना अजून?"

"आहे, बाबा. कामोठ्याला आहे. वाट बघतोय."

"मंग लाव फोन." त्यांचा आवाज जुना होता. "लाव. मी बोलतो त्याला. बोलतो, बाला ये, बाप चुकला तुजा."

जागृतीच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी इतकं बोलावं अशी रूपेशची अटही नव्हती. तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. रिंग गेली. एकदा, दोनदा. आतून बारीक आवाज आला, "हॅलो? बाबा?"

आणि दारात सावली पडली. बंडू आत आला होता, चपला बाहेर काढून, डोक्यावर टोपी घालून, आणि त्याच्या मागे हौसेराव. बंडूने सरळ येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. फार हळू ठेवला.

"कोनाला फोन लावता, बाबा?"

नामदेवांनी वर पाहिलं. थोरल्या मुलाकडे पाहिलं, त्याच्या मागच्या जावयाकडे, त्यांच्या मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या यार्डातल्या माणसांकडे. कानापर्यंत गेलेला हात खाली आला. त्यांनी फोन पाटावर पालथा ठेवला.

"कोनाला नाय," ते म्हणाले. "टायम बगत व्हतो."

जागृतीला ते ऐकून कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने हौसेरावांकडे पाहिलं. आता हे बोलतील. शब्द दिलाय.

हौसेराव पुढे झाले आणि सासऱ्यांच्या पाया पडले. "मामा, तब्येत किती उतरली तुमची! आता एकटं ऱ्हायचं नाय. ठरलंय आमचं. सहा महिने जासई, सहा महिने नावडं. हवापालट होईल."

"भावोजी," जागृती म्हणाली, "तुम्ही मला काय सांगितलंत आत्ता?"

"मॅडम, तुमी किल्ल्या देववते बोललात." त्यांनी खिशातून जुडगा काढून दाखवला. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, आणि कदाचित त्यांना खरंच वाईट वाटत असेल. "बंडूशेठनी देऊन टाकल्या. कपाटातून घेतल्या त्यांनी, आईंना विचारून."

"आत्ताच मागच्या दाराने येऊन त्याने मागितल्या, मी दिल्या," सखूबाई दारातून म्हणाली. "पोरगाच हाय ना माजा. मना काय म्हाईत?"

"बाबा कुठेही जाणार नाही," जागृती म्हणाली. तिचा आवाज चिरला. "हे त्याचं घर आहे. आणि तुम्हाला बाबा नकोय, त्याची सही हवीय. ज्याच्या घरी बाबा त्याच्या घरी सही. सहा-सहा महिने वाटून घेतलीत ना? मधल्या सहा महिन्यांत बाबाला काचेतून कोण कोणाला दाखवणार, तेही ठरवलंत का?"

"जागू, सणाच्या दिवशी नको," बंडू म्हणाला. चिडला नाही. त्याला आता चिडायची गरज नव्हती. "आईला पन नेतोय मी. कोनाला टाकत नाय. पुढच्या साली गनपती जासईलाच बसवू. एसी हॉल हाय. इकडे काय, वास मारतो."

"आनि रूपेश?" सखूबाईने विचारलं.

जयमाला मागे येऊन उभी राहिली होती. तिने तोंडाला पदर लावला आणि खाली बघितलं. जागृतीला वाटलं, ताई एक शब्द बोलेल. एक शब्द बोलली तर बाबा उभे राहतील. ती बोलली नाही. तिला रात्री नावड्यालाच परत जायचं होतं.

"बाबा," जागृती खाली बसली, त्यांच्या गुडघ्याला धरून. "तू बोल. तू बोललास की झालं. इथे सगळं तुझं आहे. ही जमीन तुझी, हे दोघं खातात ते तुझं. एकदा म्हण, रूपेशला बोलवा."

नामदेवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी शाळेतून रडत आली की ठेवायचे तसा. मग तो हात काढून घेतला आणि गणपतीकडे पाहत म्हणाले, "आरतीचा टायम झाला गो. उट."

भटजी आत आले. तबकातलं निरांजन पेटवलं, चंद्रोदयाच्या आत नैवेद्य दाखवून मला पुढे जायचंय म्हणाले, आणि सवयीने विचारलं, "किल्ल्या आल्या का पाटावर?"

"गाडीत राहिल्या," बंडू म्हणाला. "चालवून घ्या ह्या साली."

भटजींनी चालवून घेतलं. दर वर्षी किल्ल्यांनी भरणाऱ्या पाटावर फक्त तो पालथा फोन होता. माणसं आत शिरून खोली भरली, टाळ हातात आले. नामदेव काठी बाजूला ठेवून उठले, दोन्ही हातांनी तबक धरलं आणि मूर्तीसमोर उभे राहिले. पन्नास वर्षं ह्या घरात आरती त्यांनीच उचलली होती. त्यांनी तोंड उघडायचं आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं. गावात कोणाचं लग्न ठरवायचं, कोणाचं भांडण मिटवायचं, नामदेव बोलेपर्यंत कुणी पाणी पीत नसे.

सगळे थांबले होते. ते सुरू करीनात. भटजींनी खाकरून आठवण केली. तबकातली ज्योत हलत होती. मग नामदेव केण्यांनी मान वळवली आणि आपल्या थोरल्या मुलाला विचारलं,

"बंडू, करू ना रे सुरू?"

बंडूही एक क्षण गडबडला. त्याने इतकं मागितलं नव्हतं.

"करा, बाबा, करा," तो म्हणाला.

टाळ वाजायला लागले. आवाज उठला, नेहमीपेक्षा मोठा. जागृतीला तिथे उभं राहवेना. आयुष्यात इतकं हताश तिला कधी वाटलं नव्हतं, आणि ह्यापुढे काही करता येण्यासारखं उरलंय असंही वाटत नव्हतं. पाटावरचा फोन कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिने उचलला आणि सुलटा केला. पडदा उजळलेला होता. वरचे आकडे पुढे सरकत होते. बाबांनी फोन ठेवला होता, बंद केला नव्हता.

ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं, आणि फोन कानाला लावला.

"रूपेश?"

फक्त श्वास ऐकू आला.

"रूपेश, अरे कधीपासून..."

"पहिल्यापासून," तो म्हणाला. दोघांच्या मध्ये आरती होती, लोटलेल्या दारातून येणारी. तिला त्याला सांगायचं होतं की बाबाने त्याच्यासाठी काय शब्द काढले होते, बाला ये, बाप चुकला तुझा. पण ते फोन लागायच्या आधी म्हटलेलं होतं, आणि त्याने ऐकलं होतं ते नंतरचं.

"ताई," तो म्हणाला, "मी ऐकलं ते बाबाला सांगू नको हां. त्याला वाटू दे, फोन लागलाच नव्हता."